न्हाणीत काय अंथरावे?

जळगाव जामोद तालुक्यातील एका वाचक भगिनीची चिठ्ठी गेल्या पंधरवड्यात आली. या सदराकडे येणारी पत्रे बहुधा रक्तदाब, साखर, गुडघे आणि पोटातला गॅस याच चार विषयांवरची असतात. या बाईंचा प्रश्न मात्र वेगळा आहे. घर भाड्याचे. मागच्या सपरीतच न्हाणी, तिथेच भांडी, तिथेच धुणे, आणि आता कोपऱ्यात धुण्याचे यंत्रही. खालची शहाबादी फरशी झिजून गुळगुळीत झालेली, दोन ठिकाणी खड्डे, एक फरशी तर पाय ठेवला की डुगडुगते. घरमालक म्हणतात, ‘दिवाळीनंतर पाहू.’ हे दिवाळीनंतरचे आश्वासन तीन दिवाळ्या जुने आहे. सासूबाई पंच्याहत्तरीच्या, घरात दोन वर्षांचे मूल. ‘डॉक्टरसाहेब, तोपर्यंत स्वस्तात तिथं काय अंथरू?’

वाचून आधी थोडे हसू आले. हा प्रश्न गवंड्याला विचारायचा, फार तर बाजारातल्या चटईवाल्याला. पण हसू टिकले नाही. कारण त्याच आठवड्यात शेगाव रस्त्यावरच्या एका खेड्यातून ऑटोच्या मागच्या सीटवर आडवी निजवून एक म्हातारी आणली होती. मुलगा म्हणाला, ‘माय न्हानीत सटकली, काल संध्याकायी.’ रात्रभर कोणीतरी तेल लावून मांडी चोळली होती. मी चादर बाजूला केली. उजवा पाय डाव्यापेक्षा आखूड दिसत होता आणि पाऊल बाहेरच्या बाजूला पडलेले होते. टाच पलंगावरून उचलता येईना. एक्स-रेची गरज होतीच, पण तो काढण्याआधीच निदान झाले होते. खुब्याचे हाड मोडले होते.

म्हणून आजचा लेख न्हाणीच्या जमिनीवर. हा विषय आरोग्याच्या पानावर कशाला, असे ज्यांना वाटत असेल त्यांनी एवढेच लक्षात घ्यावे की, जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे मरतात. अपघाती दुखापतींच्या मृत्यूंत रस्त्यावरच्या अपघातांच्या खालोखाल क्रमांक पडण्याचा आहे, आणि त्यात साठीच्या पुढची माणसे सर्वांत जास्त. रस्त्यावरच्या अपघाताची बातमी होते. न्हाणीत पडल्याची होत नाही. तिथे लोक म्हणतात, ‘म्हातारपणच होतं, निमित्त झालं.’

खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण चार-पाचांमागे एक जण वर्षभरात दगावतो, असे निरनिराळ्या देशांतल्या नोंदी सांगतात. हाड मोडल्याने माणूस सहसा मरत नाही, तो अंथरुणाला खिळल्याने मरतो. पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होते, लघवीचा जंतुसंसर्ग होतो. जे वाचतात त्यांतले पुष्कळ जण पुन्हा पूर्वीसारखे चालत नाहीत. म्हणून हल्ली शक्य तितक्या लवकर शस्त्रक्रिया करून रुग्णाला उभे करण्यावर भर असतो. पैशाची अडचण असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारावे, जमीन गहाण टाकल्यावर नव्हे. आणि चोळणे मात्र करूच नये. पडल्यावर कंबर किंवा मांडी दुखते, पाय उचलता येत नाही, पाऊल बाहेर वळले आहे, अशा माणसाला उभे करून ‘चालून पाहा’ म्हणू नका. कधी कधी हाडाची टोके एकमेकांत रुतून बसतात आणि माणूस लंगडत का होईना दोन दिवस चालतो. तेव्हा चालता येते म्हणजे हाड शाबूत आहे, असेही समजू नका.

असो. आता जमिनीकडे वळू.

माझी स्वतःची चूक

दुसऱ्याला सांगण्यापूर्वी स्वतःचे सांगतो. आमचे घर जुने, वडिलांनी बांधलेले. मागची सपरी शहाबादी फरशीची. तीन भावांच्या वाटणीचा कागद अजून झालेला नसल्याने कोणी मोठा खर्च करायला तयार नाही, त्यात मीही आलो. फरशी उकरून नवी टाइल बसवायची तर तो खर्च कोणाच्या वाट्याला, हा प्रश्न घरात कोणी तोंडाने काढत नाही, एवढेच. आमच्या सौभाग्यवतींनी दोन पावसाळे सांगून पाहिले. तिसऱ्या पावसाळ्यात, श्रावणात, मी बाजारातून गुंडाळीतून कापून देतात तसली चकचकीत मॅट आणली. संगमरवरासारखी नक्षी, वर फुले. दुकानदार म्हणाला, ‘वॉटरप्रूफ आहे, डॉक्टरसाहेब.’ त्यात खोटे काही नव्हते. तिच्यातून पाणी खाली जात नव्हते, म्हणून ते वरच राहत होते.

चौथ्या दिवशी पहाटे आई घसरली. तेव्हा ती एक्याऐंशीची. पडताना तिने उजवा हात टेकला आणि मनगटाचे हाड मोडले. हात पाहिला तर जेवणाचा काटा उलटा ठेवल्यावर दिसतो तसा बाक आलेला. अशा अस्थिभंगाचे वर्णन डब्लिनच्या ॲब्राहम कॉलिस या शस्त्रवैद्याने १८१४ साली केले, म्हणजे क्ष-किरणांचा शोध लागण्याच्या ८१ वर्षे आधी, नुसते हाताने चाचपून. मलाही तेव्हा फिल्मची गरज पडली नाही. प्लास्टर सहा आठवडे होते. डॉक्टरच्या आईचे हाड डॉक्टरने आणलेल्या मॅटवर मोडले, ही गोष्ट आमच्या गल्लीत अजून सांगितली जाते.

प्लास्टर घालून घरी आणले तेव्हा आई जे म्हणाली ते मी विसरलेलो नाही. ‘तुवं अंथरलं म्हनून पडली मी. नाई तं चाळीस वर्सं झाले या फरशीवर, मले काई झालं नाई.’

रागाचे बोलणे म्हणून मी ते सोडून दिले होते. नंतर विचार केला तेव्हा कळले, ती शंभर टक्के बरोबर होती. कुठला खड्डा कुठे, कुठली फरशी डुगडुगते, कुठे शेवाळ धरते, हे तिच्या तळपायांना पाठ होते. अंधारात दिवा न लावता ती न्हाणीत जाऊन येई. मी वरून मॅट टाकून तिचा तो सगळा नकाशा झाकून टाकला. खड्डा तसाच राहिला, फक्त दिसेनासा झाला. त्या खड्ड्यावर मॅटला पोकळ फुगवटा आला होता, त्यात साबणाचे पाणी साठले होते आणि पाय नेमका तिथे पडला.

म्हणून पत्र लिहिणाऱ्या बाईंना माझे पहिले सांगणे हे की, काहीही अंथरण्याआधी खालचे खड्डे भरा.

फरशी अशी का होते?

आपल्या जिल्ह्याचा घाटाखालचा भाग, मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर, हा बराचसा काळ्या कसदार मातीचा. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कापसाला ती चांगली, पायाला आणि फरशीला वाईट. घराच्या पायात मुरूम नीट भरला नसेल तर वरची फरशी दरवर्षी थोडी वर-खाली होते. सांधे उघडतात, त्यात पाणी मुरते, खालची भर वाहून जाते आणि फरशी पोकळ वाजू लागते.

त्यात खारपाणपट्टा. पूर्णेच्या काठच्या गावांत विहिरीचे, बोअरचे पाणी खारट आणि जड. फरशीवर आणि भिंतीच्या बुडाशी पांढरा लोणा येतो तो याच पाण्याचा. जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, म्हणून बाई साबण जास्त घासते, आणि त्या साबणाची पाण्यातल्या चुन्याशी मिळून एक चिकट साय तयार होते. ती फरशीवर बसते. कोरडी असताना दिसत नाही. ओली झाली की लोण्यासारखी.

आणि तिसरे कारण आपले आपणच. शहाबादी दगड कर्नाटकातल्या शहाबाद भागातून येतो, तो चुनखडीचा दगड आहे. चुनखडीवर ॲसिड ओतले की फसफसते, ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. त्या फसफसण्याला लोक ‘मळ निघतोय’ समजतात. निघतो तो दगड. वर्षानुवर्षे सणासुदीला ॲसिड टाकून घासलेली फरशी आणि तिच्या सांध्यातले सिमेंट, दोन्ही असे खाऊन जातात. ॲसिडविषयी आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. न्हाणी स्वच्छ करताना ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र वापरू नका. एकामागून एकही टाकू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो, जो पहिल्या महायुद्धात १९१५ साली सैनिकांवर सोडला गेला तोच. दार लावून, वाकून फरशी घासणाऱ्या बाईच्या छातीत तो सरळ जातो. अशी धाप लागून, डोळे लाल होऊन आलेली पेशंट मी दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात दरवर्षी एखाद-दुसरी पाहतो. असे झाले तर आधी मोकळ्या हवेत या, भरपूर पाण्याने डोळे धुवा आणि खोकला थांबला तरी दवाखान्यात दाखवा, कारण फुप्फुसाला सूज काही तासांनीही येऊ शकते.

खड्डा भरायला मोठा मिस्त्री लागत नाही. उन्हाची उघडीप पाहून डुगडुगणारी फरशी उचलावी, खालची ओली माती काढून मुरूम ठोकून भरावा, वर एक भाग सिमेंट आणि चार भाग चाळलेली रेती यांचा माल टाकून फरशी पुन्हा बसवावी. खड्ड्यातही तोच माल. ओला असतानाच त्याच्यावरून खराट्याच्या काड्यांनी हलक्या रेघा ओढाव्यात, म्हणजे पृष्ठभाग खरखरीत होतो. रेघा मोरीच्या दिशेने हव्यात, आडव्या नकोत. तीन-चार दिवस ओलावा ठेवावा आणि तोवर तिथे कोणी आंघोळ करू नये. हे शेवटचे सगळ्यांत अवघड असते, हे मला ठाऊक आहे.

एवढे काम घरमालकाच्या मर्जीविना करता येते, आणि त्याला ते फुकटात मिळत असल्याने तो सहसा नाही म्हणत नाही. बऱ्याच घरांत एवढ्यानेच निम्मा प्रश्न सुटतो. अंथरायचे ते त्यानंतर.

गोणपाटापासून फ्लेक्सपर्यंत

लोक काय काय अंथरतात हे घरी व्हिजिटला जाताना मी तीस वर्षे पाहत आलो आहे. सर्वांत जुने गोणपाट. कोरड्या जागी, म्हणजे न्हाणीतून घरात शिरताना उंबरठ्याच्या आत पाय पुसायला, गोणपाटासारखी वस्तू नाही. पाणी शोषते, पायाला खरखरीत लागते, फाटले तर फेकता येते. पण त्याच गोणपाटाला ओल्या फरशीवर टाकले की ते पाणी पिऊन जड होते, खाली बुळबुळीत थर धरते आणि एके दिवशी पायासकट पुढे जाते. त्याच्या सुटलेल्या धाग्यात अंगठा अडकतो तो वेगळाच. गोणपाट घ्या, पण दोन घ्या. एक वापरात, एक उन्हात. आणि कडा दुमडून शिवून घ्या.

खताच्या पोत्यांविषयी मात्र कडक बोलतो. आपल्याकडे शेतीच्या घरात खताची रिकामी पोती भरपूर, आणि ती न्हाणीत पसरलेली मी पुष्कळदा पाहिली. ही पोती प्लास्टिकच्या पट्ट्यांची विणलेली असतात, ओली झाली की घसरतात. फवारणीच्या औषधांजवळ ठेवलेली असतील तर ते औषध ओल्या, भेगाळलेल्या तळपायांतून आणि रांगणाऱ्या मुलाच्या हातातून अंगात जाऊ शकते. औषधाच्या संपर्कात आलेले पोते धुऊनही घरात आणू नका.

नवीन प्रकार फ्लेक्सचा. निवडणूक झाली, वाढदिवस झाला, की ते उतरवलेले फ्लेक्स गावभर फुकट मिळतात. छपरावर घाला, सरपण झाका, काही हरकत नाही. न्हाणीत नको. पक्ष कुठलाही असो, ओल्या फ्लेक्सवर सगळेच घसरतात. ताडपत्रीलाही हाच न्याय. प्लास्टिकची विणलेली चटई जेवायला बसायला ठीक, तिला खालून धरच नसतो. हल्ली कृत्रिम गवताचे तुकडेही मिळू लागले आहेत. दिसायला छान, पण त्याच्या बुडख्यात साबण, केस आणि भांड्यांतले खरकटे अडकून राहते आणि आठ दिवसांत वास मारू लागते.

राहिली गुंडाळीची मॅट, म्हणजे माझ्या आईची वैरीण. तिला बाजारात अजून पुष्कळ जण लिनोलियम म्हणतात. खरे लिनोलियम फ्रेडरिक वॉल्टन नावाच्या इंग्रजाने १८६०च्या दशकात काढले, आणि ते चक्क जवसाच्या तेलापासून. तेल उकळून, वाळवून, त्यात बुचाचा भुसा मिसळून तो लगदा तागाच्या कापडावर थापत. लिनम म्हणजे जवस आणि ओलियम म्हणजे तेल, अशी त्या नावाची फोड. वऱ्हाडात जवसाची चटणी खाणाऱ्या आपल्याला हे माहीत असायला हरकत नाही. आता त्या नावाने मिळते ते जवळजवळ सगळे पीव्हीसीचे प्लास्टिक. ते वाईट नाही, त्याची जागा चुकते. धुण्याचे यंत्र, धान्याच्या कोठ्या, इस्त्रीचे टेबल अशा कोरड्या भागात खड्डे भरल्यावर ही मॅट चांगली. पुसायला सोपी, धूळ धरत नाही, दमेकऱ्याला बरी. तिच्याखाली पाणी जाईल तिथे मात्र ती घालू नये. खाली दमटपणा कोंडतो, काळी बुरशी येते आणि त्या बुरशीने दमा असलेल्याचा खोकला वाढतो.

ओल्या भागासाठी माझे मत स्पष्ट आहे. भोकाभोकांची, जाड, जड रबरी मॅट. पाणी भोकांतून खाली जाते, वर पाय टेकायला खडबडीत जागा उरते आणि वजनामुळे ती जागची हलत नाही. दुसरा चांगला पर्याय म्हणजे एकमेकांत अडकवायचे प्लास्टिकचे जाळीदार चौकोन. ते हवे तेवढेच घेता येतात, मोरीच्या आकाराप्रमाणे कापता येतात, एक फुटला तर एकच बदलता येतो. बाजारात खालून चोषकाच्या वाट्या असलेल्या पातळ मॅटही मिळतात. त्या गुळगुळीत टाइलवर चिकटतात. आपल्या झिजलेल्या, खरबरीत शहाबादीवर त्या वाट्या धरत नाहीत, म्हणून त्या आपल्या कामाच्या नाहीत.

अख्खी सपरी झाकायची गरज नसते. जिथे आंघोळीला बसतात ती जागा, तिथून उंबरठ्यापर्यंतची वाट आणि भांडी घासायला बसतात तो तुकडा, एवढे झाकले की पुरे. एवढ्याचा खर्च चार माणसांच्या हॉटेलातल्या एका जेवणाच्या आसपास येतो, फार तर दोन जेवणांच्या. दुकानात मॅट उलटी करून मागची बाजू पाहा. पाण्याने तळहात ओला करून तिच्यावरून ओढा, हात सुळकन सरकला तर ती परत ठेवा. घरी आणल्यावर धडधाकट माणसाने भिंतीला धरून, मगभर साबणाचे पाणी ओतून, पायाने ढकलून पाहावे. म्हातारीला पहिल्यांदा उभे करून परीक्षा घेऊ नये, ती मी घेऊन चुकलो आहे.

रंगाचेही थोडे पाहावे. मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना करड्या फरशीवर करडी मॅट कुठे संपते ते दिसत नाही. फरशीहून वेगळा, एकरंगी रंग घ्यावा. फुले, चौकटी, संगमरवरी लाटा यांनी नजर फसते, सपाट जागेत पायरी असल्यासारखे वाटते. उंबरठ्याच्या कडेला पिवळ्या ऑइलपेंटची बोटभर पट्टी ओढून घ्या. आणि एक दिवा. रात्री लघवीला उठणाऱ्या माणसासाठी सपरीत छोटा एलईडी रात्रभर जळत राहिला तरी वीजबिलात कळतही नाही.

मॅट गोंदाने चिकटवू नये, खिळे तर मारूच नयेत. खिळा उगवतो आणि मधुमेह्याच्या बधिर पायात शिरला तर त्याला पत्ताही लागत नाही. असा एक गृहस्थ माझ्याकडे आला तो मोज्याला लागलेले रक्त बायकोने पाहिल्यावर. शिवाय न चिकटवलेली मॅट भाडेकरूला घर सोडताना गुंडाळून नेता येते. घरमालकाशी भांडण्यापेक्षा हे सोपे.

मॅटखाली कोण राहते?

अंथरलेली वस्तू उचलायची असते, हे बहुतेक घरांत विसरले जाते. आठवड्यातून एक दिवस ठरवा. डेंग्यूसाठी आपण जो कोरडा दिवस पाळतो, तोच धरा. डासाच्या अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दीड आठवडा लागतो, म्हणून आठवड्याचा हिशेब. भांडी, हौद रिकामे करताना मॅटही भिंतीला उभी करा, खालची बाजू घासा, फरशी कोरडी होऊ द्या, मॅटला अर्धा तास ऊन दाखवा. दिवसभर उन्हात टाकाल तर रबर कडक होऊन तडकते. सतत ओल्या मॅटवर उभे राहणाऱ्या बायकांच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. पाय पुसून कोरडे करणे हाच त्यावरचा पहिला उपाय, मलम नंतर.

उचलताना हात खाली घालू नका. काठीने कड उचला. पावसाळ्यात सपरीतल्या ओलसर अडगळीत विंचू येऊन बसतो. मोठ्या काळ्या विंचवापेक्षा लहान लाल विंचू अधिक घातक, विशेषतः लहान मुलांना. दंशानंतर घाम सुटणे, हातपाय गार पडणे, उलट्या, धाप ही लक्षणे दिसली की मंत्र, झाडपाला यांत एक मिनिटही घालवू नये. दोरीने आवळू नये, चिरा देऊ नये, सरळ रुग्णालय गाठावे. शेजारच्या जालना जिल्ह्यातले मूळ असलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रायगड जिल्ह्यातल्या महाडला असे शेकडो रुग्ण पाहिले आणि प्राझोसिन नावाच्या, मुळात रक्तदाबासाठी असलेल्या गोळीने प्राण वाचतात हे जगापुढे मांडले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. माझ्या विद्यार्थिदशेत विंचवाचे मूल आणले की आमचे वरिष्ठही हताश व्हायचे. आता तसे नाही, वेळेत आणले तर.

विजेचे दोन शब्द. धुण्याचे यंत्र आणि पाणी तापवायचा रॉड ओल्या सपरीतच असतात. रबरी मॅट अंथरली म्हणजे शॉक बसणार नाही, असा एक गैरसमज आहे. ओल्या, भोकांच्या मॅटवर विसंबू नका. अर्थिंग तपासून घ्या आणि गळती होताच वीज तोडणारे तीस मिलिअँपिअरचे यंत्र बसवून घ्या. रॉडचे बटण बंद करून, पिन काढून, मगच बादलीत हात. वायर मॅटखालून नेऊ नका.

आणि त्या दोन वर्षांच्या मुलासाठी : भरलेली बादली मॅटवर सोडून जाऊ नये. एवढ्या लहान मुलाला बुडायला वीतभर पाणीही पुरते.

बाईंनी पत्रात सासूबाई चप्पल घालतात की नाही, ते लिहिलेले नाही. झिजलेल्या रबरी चपलेपेक्षा अनवाणी पाय बरा, आणि दोन्हींपेक्षा मागून पट्टा असलेली, तळाला खाचा असलेली चप्पल बरी. आंघोळ पाटावर बसून नको, कारण उठताना तोल जातो. प्लास्टिकच्या भक्कम स्टुलावर बसवावे आणि भिंतीत हाताला धरायला एक पाइप पक्का ठोकून घ्यावा. टॉवेलचा दांडा त्यासाठी चालत नाही, तो टॉवेलाचेच वजन झेलतो. झोपेची, रक्तदाबाची गोळी चालू असेल आणि उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर ते डॉक्टरांच्या कानावर घालावे. हाडांसाठी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांची तपासणीही त्यांनाच विचारून.

आमच्या सपरीत आता काळ्या रबराच्या दोन मॅट आहेत. आईने पहिले आठ दिवस त्यांच्यावर पाय ठेवला नाही, कडेकडेने भिंत धरून जात असे. मीही काही बोललो नाही. खड्डे भरले आहेत हे तिने एके दुपारी सगळे झोपलेले असताना मॅट उचलून, काठीने ठोकून, स्वतः पाहून घेतले, हे मला आमच्या भांडी घासणाऱ्या मावशींकडून कळले. दुसऱ्या दिवसापासून ती मॅटवरून चालू लागली. ती आता चौऱ्याऐंशीची आहे. मनगट थोडे वाकडेच जुळले, पण भाकरी थापता येते. दर शुक्रवारी मॅट उचलायच्या वेळी ती उंबरठ्याच्या आत खुर्ची टाकून बसते आणि मी काठी घेतल्याशिवाय मला हात लावू देत नाही.

वाटणीचा कागद अजून झालेला नाही.